सेकंड होम... जालन्यात?

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सेकंड होमचा विषय निघाला की एक ठरलेला नकाशा टेबलावर पसरतो. मुळशी, पानशेत, लोणावळा. बजेट जरा सैल असेल तर अलिबाग. कुणी एनए प्लॉटचं ब्रोशर फिरवतं, कुणी ईएमआयचं गणित मांडतं. अशाच एका लंचला मी म्हटलं, "मीपण घेतलंय. जालन्यात."

सगळे गप्प. मग एकाने विचारलं, "जालन्यात? तिथे व्ह्यू काय आहे?"

व्ह्यू! माझ्या गच्चीत उभं राहिलं तर एका बाजूला एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यांची धुराडी दिसतात आणि दुसऱ्या बाजूला, पाऊस बरा झाला असेल तर, कपाशीची शेतं. बस्स. डोंगर नाही, धबधबा नाही. 'जालना सोन्याचा पालना' ही म्हण मात्र प्रत्येक जालनेकर तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवणार. सोनं म्हणजे इथे व्यापार. लोखंडाच्या सळया आणि बियाणं. १९६४ साली बद्रीनारायण बारवालेंनी इथेच महिको काढली आणि हे गाव बियाण्यांची पेठ झालं. अशा ठिकाणी वीकएंड होम घेणारी मी बहुधा एकटीच असेन. पण त्यामागे एक स्टोरी आहे.

२०२० चा उन्हाळा आठवतोय ना? लॅपटॉप उचलून मी अंबडला आई-अण्णांकडे जाऊन राहिले. (नवरा पुण्यात, पार्सलवर.) वर्क फ्रॉम होम म्हणजे माडीवरची खोली, मोबाइलचा हॉटस्पॉट आणि कॉल चालू असताना खालून येणारा आईच्या मिक्सरचा आवाज. घर आजोबांच्या वेळचं. मत्स्योदरी देवीची टेकडी जवळच. लहानपणी नवरात्रात तिथल्या जत्रेतून बांगड्या आणायच्या, हा आमचा फिक्स कार्यक्रम असायचा. त्या वर्षी मात्र सगळं सामसूम.

त्या ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांच्या अंतराने दोन बातम्या आल्या. ११ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, मुलाइतकाच. २००५ साली कायदा बदलला तेव्हा वडील हयात होते की नव्हते याचा संबंध नाही. आणि २६ ऑगस्टला राज्य सरकारने स्टॅम्प ड्युटी कमी केली. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर सरसकट ३ टक्के कमी, त्यापुढे मार्चअखेरपर्यंत २ टक्के कमी. म्हणजे मुंबई-पुण्यात ५ टक्क्यांचा मूळ दर थेट २ वर. सेलच की!

आमच्या घरात चर्चा झाली ती दुसऱ्या बातमीची. पहिलीचं नाव कुणीच काढलं नाही.

"ताई, जालन्यात एखादं घर बघून ठेव ना, भाव चांगलाय," असं माझ्या धाकट्या भावानेच सुचवलं. अंबडहून जालना पाऊण तास. रस्त्याने मोसंबीच्या बागा लागतात. याच बागा २०१२-१३ च्या दुष्काळात उभ्या वाळल्या होत्या. लोकांनी टँकरचं पाणी घालून त्या जगवायचा प्रयत्न केला, जमलं नाही तेव्हा कुऱ्हाड चालवली. आता पुन्हा लावल्यात. जालन्याच्या मोसंबीला पुढे जीआय टॅगही मिळाला. पण त्या दुष्काळानंतर इथे घर बघायला गेलं की लोक आधी किचन बघत नाहीत, नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते विचारतात. मीही तेच विचारलं. एजंट म्हणाला, "ताई, आता जायकवाडीचं पाणी हाय." किती दिवसांनी, ते काही बोलला नाही.

रो-हाऊस आवडलं. दोन खोल्या, किचन, पुढे लिंबाचं झाड. जुलैमध्ये भाऊ बोलून आला होता तेव्हा भाव होता २० लाख. सप्टेंबरमध्ये आम्ही गेलो तर झाला पावणे एकवीस! का? "डिमांड आलीय ना ताई, ड्युटी कमी झाली." मी मोबाइलवर हिशेब केला. ३ टक्क्यांनी माझे वाचणार ६० हजार, भाव चढला ७५ हजार. सेल सरकारने लावला होता, गल्ला दुसऱ्याचाच भरत होता. तुम्हीपण तेव्हा घर घेतलं असेल तर जुनी कोटेशन्स काढून बघा, कदाचित असंच काही निघेल. मी म्हटलं, थांबू या.

डिसेंबरमध्ये पेपरात रोज गर्दीच्या बातम्या. ३१ तारखेच्या आत ड्युटी भरायची, नोंदणी नंतर चार महिन्यांत केली तरी चालेल, असं सरकारने सांगितलं तरी लोकांची धावपळ थांबेना. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी अण्णांनी माझ्यासमोर टाइप केलेले कागद ठेवले. हक्कसोडपत्र. घर आणि आजोबांची तीन एकर.

"हे बघ माय, तुझं पुण्यात समदं हाय. हे गावाकडचं भावाच्या नावावर राहू दे. २०० रुपयाचा तर स्टॅम्प लागतो."

भाऊ खिडकीतून बाहेर बघत होता.

रात्री झोप लागेना. घर घ्यायचं तर स्टॅम्प आणि नोंदणी मिळून लाखभर. सोडायचं तर तेव्हा २०० रुपये! नियम वाईट नाही, उलट समजूतदार आहे. घरच्या घरात नावं बदलताना लोकांनी नोंदणी टाळू नये म्हणून ही सवलत. मुलाला-मुलीला राहतं घर किंवा शेती बक्षीसपत्राने द्यायची असली तरी मूळ स्टॅम्प २०० चाच, वर असला तर स्थानिक अधिभार. म्हणजे तेवढ्याच स्टॅम्पमध्ये अण्णा त्यांचा हिस्सा आम्हा दोघांच्या नावावर करू शकले असते. ते कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या रात्रीपर्यंत माझ्याही नाही.

सकाळी चहाच्या वेळी सांगितलं. "अण्णा, मी वाटणी मागणार नाही. विकायला लावणार नाही. पण सही करणार नाही."

"कामून?" एवढंच म्हणाले ते. मला नीट उत्तर देता आलं नाही. कागद परत कपाटात गेले आणि भाऊ न जेवता निघून गेला. दुपारी भांडी लावता लावता आई म्हणाली, "मीपण केली होती सही. माझ्या भावासाठी. साडीचोळी मिळाली होती."

कोणत्या रंगाची, तेही तिला आठवत होतं.

जानेवारीत मी पुण्याला परतले. मार्च संपला, सवलत संपली. आणि १ एप्रिल २०२१ पासून एक नवीन नियम आला: घर फक्त बाईच्या किंवा बायकांच्याच नावावर घेतलं तर ड्युटीत १ टक्का सूट. फक्त राहत्या घराला. प्लॉट घेणाऱ्यांनी उगाच खूश होऊ नये! आणि एक गमतीदार अट: पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. (ही अट सरकारने मे २०२३ मध्ये काढली.) मी पुन्हा जालन्याला फोन लावला. तेच रो-हाऊस अजून पडून होतं आणि भाव परत २० लाखांवर आला होता. गंमत बघा, सेलपेक्षा सेल संपल्यावर घर स्वस्त!

२०२२ च्या सुरुवातीला रजिस्ट्री केली. "मिस्टरांचं नाव कुठंय?" एजंटने तीनदा विचारलं. मिस्टर कर्जाला को-अॅप्लिकंट होते, मालकीत नाही; तसं चालतं. एक टक्का म्हणजे २० हजार वाचले. नोंदणी फीपण १ टक्काच असते, जास्तीत जास्त ३० हजार, म्हणजे ते २० हजार तिकडे गेले. हिशेब फिट्टंफाट! ड्युटी मात्र करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यात जी जास्त तिच्यावर लागते, हे आधी बघून ठेवा. घासाघीस करून भाव पाडला तरी रेकनर पडत नाही.

दुसरं घर म्हणून वेगळी ड्युटी आपल्याकडे नाही. इंग्लंडमध्ये आहे. तिथे २०१६ पासून जादा घरावर ३ टक्के वाढीव लागायचे, ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी ते ५ केले. आपल्या इन्कम टॅक्सने तर २०१९ च्या बजेटनंतर रिकाम्या दुसऱ्या घरावरचं काल्पनिक भाडं धरणंसुद्धा सोडून दिलं. फक्त कर्जाच्या व्याजाची वजावट धरून प्लॅनिंग करणार असाल तर सावधान: नव्या करप्रणालीत राहत्या घराला ती मिळतच नाही. मला हे सीएने सही झाल्यावर सांगितलं.

आता महिन्या-दोन महिन्यांतून एक वीकएंड. पुण्याहून सहा-सात तास, म्हणजे शुक्रवारी रात्रीची बस. समृद्धी महामार्ग जालन्यावरून जातो, डिसेंबर २०२२ मध्ये तो आधी नागपूर ते शिर्डी सुरू झाला. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत धावली, २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत गेली. एजंट दोन्ही गोष्टी ब्रोशरवर छापतात. मला पुण्याहून दोन्हींचा उपयोग शून्य! पहाटे उतरायचं, रिक्षा करायची, कुलूप काढायचं, मोटार लावून टाकी भरायची. संध्याकाळी मोती तलावावर चक्कर. आठवड्याभराचे मेल तिथे वाचावेसे वाटत नाहीत, एवढाच काय तो लक्झरी भाग.

आई मात्र हक्काने येते. अंबडहून एसटीने, पिशवीत मोसंबी आणि ज्वारीचं पीठ घेऊन, चार-चार दिवस राहते. माझ्या घरात ती उशिरा उठते. हे मी अंबडला कधी बघितलं नव्हतं.

भाऊ दीड वर्ष आला नाही. फोनवर कामापुरतं. मग २०२३ च्या भाऊबीजेला दारात गाडी थांबली. बायको, पोरगी, मिठाईचा पुडा. ओवाळून झाल्यावर तो घरभर फिरला, गच्चीत गेला, टाकीत डोकावला.

"स्टॅम्पला किती गेले गं ताई?"

मी आकडा सांगितला. त्याने शीळ घातली.

"आणि ते कागद?" मी विचारलं.

"हायेत. अण्णांच्या कपाटात." लिंबाखाली त्याची पोरगी माझ्या आईकडून लंगडी शिकत होती. तिच्याकडे बघत तो म्हणाला, "राहू दे तसेच."