सराफांच्या नगरीतील चित्रशाळा

इटलीतील फ्लोरेन्स नगरीत आलेला प्रवासी सर्वप्रथम ‘उफिझी’कडे धाव घेतो. या शब्दाचा अर्थ ‘कचेऱ्या’ असा आहे, हे मात्र रांगेतील थोड्यांच्याच ध्यानी येते. ड्यूक पहिला कोझिमो मेदिची याने राज्यकारभाराची कार्यालये एकत्र आणण्यासाठी वासारीकडून १५६० मध्ये ही वास्तू बांधावयास घेतली. त्याच वास्तूत आज बोत्तिचेल्लीची ‘वसंत’ आणि ‘व्हीनसचा जन्म’ ही चित्रे विराजमान आहेत.

हा संग्रह येथेच राहिला, याचे श्रेय एका स्त्रीकडे जाते. १७३७ मध्ये मेदिची घराण्याचा अखेरचा राज्यकर्ता निपुत्रिक वारला आणि राज्य लॉरेनच्या परक्या घराण्याकडे गेले. त्याची बहीण आना मारिया लुइझा हीही निःसंतान होती. तिने नव्या राजवटीशी करार करून चित्रे, शिल्पे, ग्रंथ, रत्ने असा सारा वारसा राज्याच्या हवाली केला. अट इतकीच की, यातील काहीही राजधानीबाहेर जाऊ नये. राज्याची शोभा व लोकांचा उपयोग यांबरोबरच परदेशीयांचे कुतूहल जागे करणे हाही हेतू करारात नमूद आहे. दस्तऐवज इतका दूरदर्शी क्वचितच आढळतो. १७६९ मध्ये उफिझीची दारे सर्वांना खुली झाली.

मेदिची मूळचे पेढीवाले. जोव्हानी दी बिच्ची याने १३९७ मध्ये पेढी स्थापन केली. व्याज घेणे चर्चला निषिद्ध असल्याने नफा हुंडीतील दरफरकात सामावलेला असे. कायदा पाळला जाई, मन मात्र शांत नसे. जोव्हानीचा पुत्र थोरला कोझिमो याला आपल्या धनापैकी काही सचोटीचे नाही, ही जाणीव डाचू लागली. समकालीन चरित्रकार वेस्पासियानो लिहितो की, पोपने त्याला सान मार्को मठाच्या उभारणीस १०,००० फ्लोरिन लावण्यास सांगितले. कोझिमोने ४०,००० हून अधिक खर्च केले.

हा मठ आज संग्रहालय आहे आणि उफिझीत थकलेल्या डोळ्यांना तेथे विसावा मिळतो. जिना चढताच समोर फ्रा अँजेलिकोचे भित्तिचित्र दिसते: देवदूत मेरीला शुभवार्ता सांगत आहे. पुढे संन्याशांच्या अरुंद खोल्या आहेत. प्रत्येकीत एक लहान खिडकी आणि एक चित्र. त्या खोलीत राहणाऱ्या एकट्याने पाहावे म्हणून ते रंगविलेले असल्याने त्यात डामडौल नाही. कोझिमोनेही येथे स्वतःसाठी एक खोली राखली होती. ती दुहेरी आहे, एवढी सवलत सावकाराने घेतलीच! मठाचे ग्रंथालय बाहेरच्या अभ्यासकांनाही खुले होते.

बार्जेल्लो या जुन्या तुरुंगात आता शिल्पे आहेत. तेथे दोन कांस्यफलक शेजारीशेजारी दिसतात. १४०१ मध्ये कापड व्यापाऱ्यांच्या संघाने बाप्तिस्मागृहाच्या दारांसाठी स्पर्धा लावली. विषय सर्वांना एकच. ब्रुनेल्लेस्की हरला, गिबेर्ती जिंकला. गिबेर्तीच्या फलकाला कांसे कमी लागले होते. हिशेबी परीक्षकांच्या नजरेतून ही गोष्ट सुटली नसावी. अकादेमिया येथील मायकेलअँजेलोचा ५.१७ मीटर उंच ‘डेव्हिड’ न पाहता कोणीच परतत नाही. त्याच्या वाटेवरील अर्धवट कोरलेल्या ‘बंदिवानां’पाशीही थांबावे. उफिझी व अकादेमियाची तिकिटे आगाऊ काढावीत. सोमवारी दोन्ही बंद असतात.

गर्दी टाळून पाहावे असे आणखी एक स्थळ म्हणजे टाकलेल्या बालकांचे ‘इनोचेंती’ अनाथालय. रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने १४१९ मध्ये ब्रुनेल्लेस्कीकडून ते बांधावयास घेतले. पहिले मूल १४४५ मध्ये आले. तेथील संग्रहालयात नामवंतांची चित्रे आहेत, पण पाय खिळतात ते लहान खणांपाशी. मूल सोडताना त्याच्यासोबत ठेवलेल्या खुणा त्यांत जपल्या आहेत: मोडलेले नाणे, अर्धे पदक. उरलेला अर्धा भाग, पुढे कधी ओळख पटावी म्हणून, आईजवळ राहत असे.