नवा की रिसोल?

माझ्या फोनची सर्च हिस्ट्री सध्या जरा संशयास्पद आहे. गोव्यातले होम-स्टे, कोरियन सनस्क्रीन आणि या दोघांच्या मधोमध 'ट्रॉली टायर ९.००-१६, १६ पीआर'. मास कॉम करून पुण्यात फ्रीलान्सिंग करणाऱ्या मुलीने कशाकशावर रिसर्च करावा, याला काही धरबंध? पण आमचं घर अकलूजजवळच्या एका गावात. घरी एक ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि दर वर्षी साखर कारखान्याशी ऊसवाहतुकीचा करार. दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू होतो आणि त्याआधी मागच्या ट्रॉलीचे चारही टायर बदलणं भाग होतं. अण्णांचा फोन आला, 'तू पेपरात लिहितेस ना? मग जरा चौकशी कर.' माझ्या डिग्रीचा इतका थेट उपयोग आमच्या घरात पहिल्यांदाच होत होता.

प्रश्न साधा होता. नवे घ्यायचे की रिसोल? रिसोल म्हणजे जुन्या टायरच्या सांगाड्यावर नवं रबर चढवणं. खर्च नव्याच्या मानाने बराच कमी. नवे चार, वर ट्यूब आणि फ्लॅप, असं मिळून दुकानदाराने पन्नास हजारांच्या घरातला आकडा सांगितला. तो ऐकून अण्णा म्हणाले, 'एसटी चालते की रिसोलवर.'

चालते, अगदी खरं आहे. एसटी महामंडळाचे स्वतःचे टायर पुनःस्तरणाचे प्रकल्प आहेत. अहो, विमानाच्या टायरवरसुद्धा पुन्हा पुन्हा रबर चढवतात. त्यामुळे 'रिसोल म्हणजे धोका' असं मी तरी म्हणणार नाही. पण एसटीचा टायर रोज धावतो, रोज कुणीतरी तो बघतो. आमच्या ट्रॉलीचा टायर एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गोठ्यामागे उभा असतो, उन्हात, पावसात, एकाच जागी वजन घेऊन. त्याची नक्षी झिजायच्या आधी त्याचं रबर वाळतं. दादाने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले, तर नक्षी अजून बोटभर शिल्लक आणि बाजूच्या भिंतीवर मात्र टाचेला पडतात तशा भेगा! वरून नवं रबर चढवलं तरी या भेगा तशाच राहणार. चारपैकी दोन टायर या हिशेबाने सरळ बाद होते.

मग मी टायर वाचायला शिकले. वाचायलाच, कारण टायरवर बरंच काही लिहिलेलं असतं आणि आपण कधी बघत नाही. (तुमच्या स्कूटीवरही असतं, बघा एकदा.) ९.००-१६ म्हणजे साधारण नऊ इंच रुंदी आणि सोळा इंचांची रिम. पीआर म्हणजे प्लाय रेटिंग. पूर्वी टायरच्या आत सुती धाग्याचे जितके थर, तितका हा आकडा असायचा. आता धागा नायलॉनचा, थर कमी, पण ताकदीचं माप म्हणून आकडा टिकून राहिलाय. आणि सगळ्यात कामाचे ते शेवटचे चार अंक. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. बऱ्याचदा ते एकाच बाजूला असतात, म्हणून टायर उलटून बघावा लागतो.

नक्षीचंही एक लॉजिक आहे. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाला जाड दात असतात, कारण त्याला माती पकडून ओढायचं असतं. ट्रॉलीचं चाक काहीच ओढत नाही, ते नुसतं मागे गरगरत येतं. त्यामुळे त्याला सरळ उभ्या पट्ट्या पुरतात. ओढत नाही म्हणूनच बहुतेक त्याच्याकडे कुणी बघतही नाही. इंजिनात जरा आवाज आला की मेकॅनिकला फोन. ट्रॉलीच्या टायरला मात्र 'चाललंय की अजून'.

अण्णांचं म्हणणं एवढंच होतं, 'ऊसच तर आहे. फुटला तर जॅक लावायचा, स्टेपनी टाकायची.'

मी म्हटलं, 'अण्णा, पहिली खेप उसाची नसते.'

पलीकडे थोडा वेळ नुसता कोंबड्यांचा आवाज.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. ऊसतोडीची टोळी बीड जिल्ह्यातून येते. मुकादमाला उचल दिलेली असते आणि हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टर त्यांना आणायला जातो. बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी करत रात्रभराचा प्रवास. 'दहा कोयते' म्हणतात तेव्हा ती दहा जोडपी असतात, कोयत्यांच्या नावाने मोजलेली. ट्रॉलीत त्यांची भांडी, सरपण, गोधड्या, एखादी शेळी आणि पोत्यांवर झोपलेली पोरं. लहानपणापासून पहाटे अंगणात उतरणारी ही माणसं मी बघत आलेय. खरं तर माणसांनी ट्रॉलीतून यायलाच नको, ती मालासाठी असते. या वर्षी दादाने मुकादमाला विचारलंसुद्धा, की लेकुरवाळ्या बायांना तरी एसटीने आणू या, तिकिटं आम्ही काढतो. तो 'बघू' म्हणाला. सामान ट्रॉलीत जाणार असेल तर सामानाला सोडून कोण येतं?

'ते मला सांगतेस होय,' अण्णा अखेर म्हणाले. 'पण पैसे कुठायत?'

तेही खरंच. टायर बदलायची वेळ आणि उचल द्यायची वेळ एकच. घरातली सगळी रोकड मुकादमाकडे गेलेली असते आणि उसाच्या वाहतुकीचं पहिलं बिल हातात यायला अजून बराच अवकाश असतो. योगायोगाने माझा एक मानधनाचा चेक, चार महिन्यांच्या मेल-मेल खेळानंतर, नुकताच आला होता. दोन टायरचे पैसे मी देते म्हटलं. 'पोरीच्या पैशाने टायर घ्यायचे?' यावर दोन दिवस गेले. शेवटी आईने तोडगा काढला. उसने घ्या, बिल झालं की परत करा. उसनवारी अण्णांना चालते, मदत चालत नाही.

अकलूजच्या दुकानातून दादाने फोटो पाठवला. अंक होते २३२२. म्हणजे जून २०२२, दुकानातच म्हातारा झालेला टायर. दुकानदार म्हणाला, 'नक्षी कोरी आहे, काय फरक पडतो?' आमचे अण्णा म्हणाले, 'माझी पोरगी पेपरात लिहिते.' आतून दुसरे चार टायर आले, त्याच वर्षीचे.

पण पुढचं श्रेय माझं नाही. जुन्या ट्यूब चांगल्या आहेत, त्याच टाकू, असं दुकानदाराने सुचवलं तेव्हा अण्णांनी साफ नाही म्हटलं. वापरलेली ट्यूब ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरात तिला घडी पडते आणि ती घडीवरच फाटते. हे मी वाचलेल्या कुठल्याच पानावर पहिल्या दहा मुद्द्यांत नव्हतं. जुन्यांपैकी भेगा नसलेले दोन टायर रिसोलला दिलेत, स्टेपनीसाठी.

टोळी आणायला ट्रॉली गुरुवारी निघाली. दादाने निघायच्या आधी, टायर गार असतानाच हवा तपासली, कारण चालून तापलेल्या टायरची हवा जास्त दिसते आणि कमी हवेचा टायर दबून दबून आणखी तापतो. आता समोरच्या ट्रॉलीचे चार राहिलेत. ते पुढच्या वर्षी बघू, असं अण्णा म्हणतात. मी दादाला त्यांचेही फोटो पाठवायला सांगितलंय, दोन्ही बाजूंचे.