पोकळी शाबूत आहे ना?

जुन्या ऑसिलोस्कोपची कॅथोड किरण नळी हातात आली की मी आधी तिची मान बघतो, पडदा नंतर. मानेजवळ काचेच्या आतून एक चंदेरी, चकाकता डाग असतो. त्याला गेटर म्हणतात. हा बेरियमचा मुलामा. कारखान्यात नळीतली हवा उपसून तोंड वितळवून बंद केलं, की हा बेरियम आतल्या आत तापवून उडवतात. तो काचेवर बसतो आणि पुढे आतल्या धातूंतून सुटणारे वायूचे चुकार रेणू आयुष्यभर गिळत राहतो. डाग चकचकीत असेल तर पोकळी शाबूत असण्याची आशा धरायची. पांढराफटक पडला असेल तर कुठून तरी हवा शिरली आहे, आणि मग त्या नळीला इलाज नाही. सॉकेट, ट्रान्सफॉर्मर, रेझिस्टन्स, वायरी, पेटी, हे बाहेरचं सगळं पुन्हा करता येतं. आतली पोकळी मात्र कुणीतरी कितीतरी वर्षांपूर्वी एकदाच केलेली असते. माझा हा छंद म्हणजे त्या पोकळीची राखण आहे, असं मला मनापासून वाटतं.

पुण्याच्या जुन्या बाजारात ऑसिलोस्कोप येतात ते बहुधा आधीच उघडलेले. भंगारात भाव तांब्याला आहे, नळीला नाही. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर आधी जातो आणि नळी मागे उरते, तीही नशीब असेल तर. ज्या नळीबद्दल मी लिहितो आहे ती स्टार्टर, चोक आणि मीटरच्या डबड्यांमध्ये आडवी पडलेली होती. मानेवरचा छाप अर्धा पुसलेला, पण वाचता येत होता : डीजी ७-३२.

"मामा, ही कितीला?"

"साहेब, टीव्हीची आहे. बारका टीव्ही असतो ना, त्याची. बघा, फुटलेली नाही कुठं."

टीव्हीची नव्हती. युरोपातल्या जुन्या पद्धतीत हे नावच नळीची माहिती देतं. डी म्हणजे इलेक्ट्रॉनचा किरण वळवायला आत पट्ट्या आहेत, चुंबकी गुंडाळ्या नाहीत. जी म्हणजे हिरवा प्रकाश. ७ म्हणजे पडद्याचा व्यास, सेंटिमीटरमध्ये. फिलिप्स आणि मलार्ड या नावांखाली ही जात बनत असे. छोट्या नळ्यांमध्ये ती मला सगळ्यात लाडकी, कारण ५०० व्होल्टवरही चालते. दुसऱ्या कितीतरी नळ्यांना त्याच्या तिप्पट-चौपट लागतात. मी मान उजेडाकडे वळवली, गेटर चकाकला, आणि भावाची घासाघीस मी फार केली नाही.

नळी घरी आणताना ती टॉवेलात गुंडाळतो आणि हाताळताना चष्मा घालतो. ७ सेंटिमीटरच्या पडद्यावर बाहेरच्या हवेचा दाब सुमारे ४० किलो भरतो. पाच इंची नळी घेतली तर तोच १३० किलोच्या घरात जातो. एवढं ओझं ती काच वर्षानुवर्षं तोलून उभी असते. तिला ओरखडा पडू द्यायचा नाही, मानेला धरून उचलायचं नाही, हे नियम मी कुणालाही नळी हातात देण्याआधी सांगतो.

पहिली तपासणी साधी. मल्टिमीटरने हीटर सलग आहे का बघायचं. पुष्कळदा मीटर काहीच दाखवत नाही आणि माणूस नळी गेली म्हणून सोडून देतो. पण दोष बऱ्याचदा पायात असतो. काचेतून आलेल्या तारा पायातल्या पोकळ पिनांमध्ये सोल्डर केलेल्या असतात, आणि दमट हवेत तो जोड आतून काळा पडतो. पिनच्या टोकाला थोडं फ्लक्स, थोडं ताजं सोल्डर, आणि हलक्या हाताने आयर्न टेकवलं की कितीतरी मेलेल्या नळ्या उठून बसतात. माझी डीजी ७-३२ अशीच उठली. पाया मात्र काचेपासून सुटून डुगडुगत होता, त्याला उष्णता सोसणाऱ्या चिकटवणीने बसवलं. पाया फिरला तर आतल्या तारा पिळतात आणि एकमेकींना टेकतात. म्हणून तो आधी बसवायचा आणि मगच सॉकेटमध्ये खुपसायचा.

वीजपुरवठ्यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण धोका आणि गंमत दोन्ही तिथे आहे. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरला २५०-०-२५० व्होल्टची गुंडाळी असते. तिची एक बाजू घेऊन दोन डायोड आणि दोन कंडेन्सरचा डबलर लावला की सुमारे ७०० व्होल्ट मिळतात. त्यातले २०० रेझिस्टन्समध्ये सोडून द्यायचे. आता पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटेल अशी गोष्ट : या नळीत बाहेरच्या टोकाचा ॲनोड अर्थला ठेवतात आणि कॅथोड उणे ५०० वर. कारण किरण वळवणाऱ्या पट्ट्या ॲनोडच्या शेजारी असतात. त्या अर्थच्या आसपास राहिल्या की बाहेरचा सिग्नल त्यांना सहज जोडता येतो. पण मग हीटरही कॅथोडबरोबर उणे ५०० वर जातो. रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरवरची ६.३ व्होल्टची गुंडाळी एवढा ताण सोसायला केलेली नसते. म्हणून हीटरला वेगळा ट्रान्सफॉर्मर हवा, आणि दोन गुंडाळ्यांमध्ये भरपूर इन्सुलेशन.

बुधवार पेठेच्या बाजूला ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे माझे एक वाइंडर आहेत. मी त्यांना काका म्हणतो. व्होल्टेज सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "सहा व्होल्टच्या गुंडाळीला एवढा लेदरॉइड कशाला?" मी नळीचं सगळं गणित सांगितलं. ऐकून त्यांनी सेकंडरीखाली लेदरॉइड या इन्सुलेशनच्या कागदाचे थर तर दिलेच, वर एम्पायर कापडही गुंडाळलं, आणि चाचणी स्वतः लावून दाखवली. अशा माणसांच्या हाताशिवाय हा छंद चालणं अशक्य आहे.

ब्राइटनेस आणि फोकसचे पॉटही त्याच उणे बाजूला बसतात, म्हणून त्यांचे दांडे प्लास्टिकचे लागतात. पाव वॅटचा रेझिस्टन्स साधारण २५० व्होल्टपर्यंतच सोसतो, म्हणून एकाच्या जागी तीन-चार ओळीने जोडायचे. सर्किट चालू असताना डावा हात पाठीमागे. बंद केल्यावरही कंडेन्सर भरलेलेच असतात, ते रेझिस्टन्समधून रिकामे करायचे, मीटर लावून शून्य बघायचं आणि मगच हात घालायचा. या बाबतीत घाई करणाऱ्याला मी माझ्या टेबलाशी बसू देत नाही.

वर्षानुवर्षं पडून असलेल्या नळीला लगेच हाय टेन्शन द्यायचं नाही. आधी नुसता हीटर, तोही कमी व्होल्टवर, मग ६.३ वर आणून बराच वेळ तसाच. मानेत नारिंगी उजेड दिसतो. कॅथोडवरच्या बेरियम-स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडला जाग यायला वेळ लागतो. त्यानंतर किरण अडवणारा ग्रिड पुरता उणे ठेवून हाय टेन्शन, आणि मग ब्राइटनेस केसाकेसाने वर. पडद्यावर आधी धूसर हिरवा गोळा येतो, फोकस फिरवला की तो आवळत आवळत टाचणीच्या टोकाएवढा होतो. त्या क्षणी ब्राइटनेस लगेच खाली आणायचा. एका जागी थांबलेला तेजस्वी ठिपका फॉस्फर जाळतो, आणि तो डाग कायमचा.

माझा ठिपका ठिपका नव्हताच, बारीकशी आडवी रेघ होती. पट्ट्यांना काहीच जोडलेलं नसताना. ट्रान्सफॉर्मरचं चुंबकी क्षेत्र किरणाला सेकंदाला ५० वेळा हलवत होतं. ट्रान्सफॉर्मर नळीच्या मागे नेला, थोडा थोडा फिरवत गेलो, आणि एका कोनात रेघ मिटून ठिपका उरला. किरण इतका हळवा असतो. ५०० व्होल्टवर इलेक्ट्रॉन सेकंदाला १३,००० किलोमीटरच्या आसपास वेगाने धावतात, तरी शेजारच्या लोखंडाने त्यांची वाट बदलते.

सुरुवातीच्या नळ्यांचं एवढ्या कमी व्होल्टवर भागत नसे. फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७मध्ये स्ट्रासबुर्गला पहिली अशी नळी केली, तेव्हा कॅथोड थंड होता आणि तिला प्रचंड व्होल्टेज लागे. तापवलेला कॅथोड घालून ३००-४०० व्होल्टवर चालणारी नळी वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या जॉन जॉन्सन यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आणली, आणि प्रयोगशाळेच्या टेबलावर ती बसू लागली ती तिथून. आपल्याकडे मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत १९६०मध्ये सुरू झालेल्या टिफ्रॅक या संगणकालाही आलेख आणि अक्षरं दाखवायला कॅथोड किरण नळीचा पडदा जोडलेला होता. टीव्हीच्या आधी आणि टीव्हीच्या जोडीने या नळीचं असं मोठं घराणं आहे. लोकांना फक्त टीव्ही आठवतो, याचं मला वाईट वाटतं.

माझ्या नळीला जोडायचं काय, हा प्रश्न नंतर आला. पडद्यावर बाजूपासून बाजूपर्यंत किरण न्यायला पट्ट्यांवर एक-दोनशे व्होल्टचा फरक लागतो. मी छोट्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरच्या तारा जुन्या रेडिओच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला उलट्या बाजूने जोडल्या. दोन-तीन व्होल्टचे शंभराच्या पुढे होतात. असे दोन संच केले, एक आडव्या पट्ट्यांना, एक उभ्या.

माझी ताई गाते. काळी चार तिचा षड्ज. तिचा मिरजेचा तानपुरा मी टेबलाजवळ ठेवायला सांगितला, त्याच्यापुढे मायक्रोफोन लावला आणि तो उभ्या पट्ट्यांना दिला. आडव्या पट्ट्यांना मोबाइलमधून २०७.६५ हर्ट्झचा शुद्ध सूर. जोडाची तार छेडली तर पडद्यावर नुसती जाळी उसळली. जवारीतून उठणारे सगळे वरचे स्वर किरण इमानाने काढत होता. मग एक रेझिस्टन्स आणि एक कंडेन्सर लावून वरचे स्वर गाळले आणि जाळीतून लंबवर्तुळ बाहेर आलं. ते गिरक्या घेत होतं. तार सुरात नसली की ते फिरतं, जितकी दूर तितकं वेगाने. ताईने मणी सरकवला आणि गिरकी मंदावली.

"थांब, आता ऐकायला लागलंय," ती म्हणाली. तिच्या कानाला बरोबर वाटलं तेव्हा पडद्यावरचं लंबवर्तुळ जवळजवळ थांबलं होतं. तार छेडल्याबरोबर ते जरा जोराने फिरतं आणि मग सावकाश होतं, हेही दिसलं, कारण ताण वाढल्यामुळे पहिल्या क्षणी तार किंचित चढी बोलते.

मला सगळ्यात आवडलं ते पंचमाचं. मंद्र पंचम आणि मध्य षड्ज यांचं नातं तीनास चार. मोबाइलवर १५५.७४ हर्ट्झ लावले की पडद्यावर तीन-चार पाकळ्यांची गुंफण येते आणि जागच्या जागी राहते. पेटीचा पंचम, म्हणजे १५५.५६, लावला तर तीच गुंफण सरकायला लागते आणि दीडएक सेकंदात पुन्हा पहिल्या आकारावर येते. पेटीचा पंचम किंचित उतरलेला असतो, असं ताई कितीतरी वर्षं जे सांगते आहे ते तिने डोळ्यांनी बघितलं. "हाच, हाच तो. मी म्हणत नव्हते?" ती दोन्ही पंचम आलटून पालटून लावायला सांगत राहिली.

या सगळ्यात नळी कुठेही आकडेमोड करत नाही. तार हलते, पट्टीवरचं व्होल्टेज हलतं, किरण हलतो. इलेक्ट्रॉनच्या वाटेत हवा असती तर तो दोन बोटंही पुढे गेला नसता. म्हणून मी गेटरकडे आधी बघतो.

सध्या टेबलावर पी७ फॉस्फरची पाच इंची नळी आहे, रडारच्या कामातली. तिच्या पडद्यावर दोन थर असतात : किरण पडला की निळी चमक, आणि त्या चमकेने मागचा थर पिवळा पेटून अंधारात कित्येक सेकंद मंद होत जातो. तिला २००० व्होल्ट लागतील. तिचा सॉकेट कुठेच मिळेना, म्हणून एका लेथवाल्याकडे टेफ्लॉनची चकती भोकं पाडून करून घेतली आहे. आत बसवायच्या पितळी क्लिपा अजून यायच्या आहेत. वाइंडरकाकांनी नवा ट्रान्सफॉर्मर हातात घेतला आहे, आणि लेदरॉइडचे थर या वेळी त्यांनी स्वतःहूनच दुप्पट धरले आहेत.