गर्दीतला कोहिनूर, एकटीने पाहिलेला

परदेशी मुलाकडे गेलेल्या आईवडिलांचे दिवस एका ठरावीक चाकोरीतून जातात. सोमवार ते शुक्रवार घर, नातवंडे आणि खिडकीबाहेरचा पाऊस. शनिवारी बाजारहाट. रविवारी ‘आज कुठेतरी जाऊ या’ असे म्हणता म्हणता दुपार होते. नाशिकच्या पंचवटीत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचेही लंडनमध्ये असेच झाले. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवल्यामुळे सगळे त्यांना बाईच म्हणतात. बाईंना टॉवर ऑफ लंडन पाहायचा होता. तीन रविवार हुकले. परतीचे विमान शनिवारचे. अखेर सोमवारी रात्री जेवताना बाईंनी जाहीर केले, “उद्या मी एकटी जाऊन येते.”

मुलगा घास हातात धरून पाहतच राहिला. नाशिक-मुंबईपलीकडे आई कधी एकटी गेली नव्हती. सुनेने मात्र लगेच सकाळचे तिकीट काढून दिले आणि कागदावर मोठ्या अक्षरांत स्थानकांची नावे लिहिली. “आई, गाडी बदलायचीच नाही. ईलिंगला हिरव्या रेघेच्या गाडीत बसायचं आणि थेट टॉवर हिलला उतरायचं.”

डिस्ट्रिक्ट लाइनची ही गाडी लंडनच्या पश्चिम टोकाकडून निघून शहराच्या पोटातून पूर्वेकडे जाते. बाईंनी पर्स छातीशी धरून एकेक स्थानक मोजले. टॉवर हिलला बाहेर पडताच रोमनांनी बांधलेल्या जुन्या तटाचा उंच तुकडा दिसला आणि त्यापलीकडे थेम्सच्या काठी तो प्रसिद्ध किल्ला. भीती तिथेच निम्मी ओसरली.

कावळ्यांवर उभे राज्य

टॉवर म्हणजे एक बुरूज नव्हे. दुहेरी तटबंदी, एकवीस बुरूज आणि कोरडा खंदक असा हा सबंध किल्ला आहे. १०६६ साली इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमने लंडनच्या प्रजेवर वचक बसावा म्हणून त्याची उभारणी सुरू केली. मधोमध सुमारे २७ मीटर उंचीचा व्हाइट टॉवर आहे. त्यासाठी काही दगड समुद्रापलीकडून, नॉर्मंडीतून आणला होता. पुढे १२४० मध्ये तिसऱ्या हेन्रीने त्याला पांढरी सफेदी करवली आणि तेच नाव चिकटले. राजवाडा, तुरुंग, शस्त्रागार, टांकसाळ आणि प्राणिसंग्रहालयसुद्धा, असे अनेक संसार या भिंतींनी पाहिले. खंदकातले पाणी १८४३ मध्ये काढून टाकले. १९८८ मध्ये किल्ल्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

आत शिरताच लाल काठांच्या गडद निळ्या पोशाखातले रक्षक भेटतात. लोक त्यांना बीफईटर म्हणतात. सैन्यात किमान बावीस वर्षे काढलेल्यांनाच ही नोकरी मिळते आणि कुटुंबासह ते किल्ल्यातच राहतात. २००७ मध्ये त्यांच्यात पहिल्यांदा एक महिला दाखल झाली. त्यांच्याबरोबरची फेरी तिकिटातच धरलेली असते. खड्या आवाजात, मध्येच गर्दीची फिरकी घेत ते इतिहास सांगतात. बाईंना इंग्रजी पुष्कळसे कळले, विनोद थोडे निसटले. पण हिरवळीपाशी आल्यावर तो आवाजही खाली आला. इथेच १५३६ मध्ये राणी अ‍ॅन बोलीनचा शिरच्छेद झाला. १५५४ मध्ये जेन ग्रे या किशोरवयीन मुलीचाही. जेमतेम नऊ दिवस तिच्या नावाने राज्य चालले होते.

त्याच हिरवळीवर मोठाले काळे डोमकावळे ऐटीत फिरत होते. ते टॉवर सोडून गेले तर राज्य बुडेल, अशी आख्यायिका आहे. म्हणून निदान सहा डोमकावळे इथे कायम पाळले जातात. बाईंना हसू आले. पंचवटीत रामकुंडावर कावळा कधी येतो म्हणून माणसे ताटकळत उभी असतात. इथे तो जाऊ नये म्हणून सरकारी बंदोबस्त!

सरकत्या पट्ट्यावरचे काही क्षण

बीफईटरची फेरी आधी केल्याने एक चूक झाली. राजमुकुटांचे दालन वॉटर्लू ब्लॉक या इमारतीत आहे आणि दिवस वर येतो तशी तिथली रांग वाढत जाते. अनुभवी प्रवासी किल्ला उघडताच प्रथम तिकडे धाव घेतात. बाई पोहोचल्या तेव्हा रांगेत जगातल्या निम्म्या भाषा ऐकू येत होत्या. गुजराती, तमिळ, पंजाबीही होती. बराच वेळ पायांवर काढल्यावर त्या एकदाच्या आत शिरल्या.

मुकुटांच्या काचपेट्यांजवळ कोणी रेंगाळू नये म्हणून तिथे सरकता पट्टा बसवला आहे. त्यावर उभे राहायचे, पट्टा पुढे नेईल तसे पाहायचे. फोटो काढायला सक्त मनाई. बाईंपुढे एक पंजाबी कुटुंब होते. वडिलांच्या कडेवरच्या मुलीने विचारले, “हाच का तो?” वडिलांनी मान हलवली, आणि तोवर पट्टा पुढे गेला. बाईंनाही दिसले ते एवढेच : जांभळी मखमल, पांढरा लखलखाट आणि समोर मधोमध एक मोठा खडा. त्यासाठी इतकी पायपीट!

कुटुंबकबिल्याबरोबर आलेला माणूस इथून बाहेर पडतो. कुणाला भूक लागलेली असते, कुणाला दुकान गाठायचे असते. बाईंना कोणाचीच घाई नव्हती. त्या वळल्या आणि पुन्हा पट्ट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्या खेपेला तो नीट दिसला. तिसऱ्या खेपेला त्यांना त्या खड्याबरोबर एक मुलगा आठवला.

मार्च १८४९ मध्ये पंजाब इंग्रजांनी खालसा केला, तेव्हा लाहोरच्या गादीवरचे महाराजा दुलीपसिंग दहा वर्षांचे होते. ज्या करारावर त्यांची सही घेतली, त्यात कोहिनूर इंग्लंडच्या राणीला देण्याचे स्वतंत्र कलम होते. सल्ला द्यायला आई जवळ नव्हती. राणी जिंदन यांना १८४७ मध्येच मुलापासून दूर केले होते. हिरा मुंबईहून एप्रिल १८५० मध्ये जहाजाने निघाला. १८५२ मध्ये नव्याने पैलू पाडताना १८६ कॅरटचा १०५.६ कॅरट उरला. त्यापाठोपाठ १८५४ मध्ये दुलीपसिंगही इंग्लंडला गेले. आई आणि मुलगा पुन्हा भेटले ते १८६१ मध्ये, कलकत्त्यात. तेरा वर्षांहून जास्त काळ लोटला होता, आणि आईची दृष्टी जवळजवळ गेली होती.

राणी जिंदन मुलाबरोबर लंडनला आल्या. केन्सिंग्टन भागात १८६३ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी मुलाने देह मुंबईला आणला. पंजाबात नेण्याची परवानगी त्याला नव्हती. आईची छोटी समाधी त्याने बांधली ती गोदावरीच्या काठी, पंचवटीच्या बाजूला. पुढे १९२४ मध्ये नात बांबा यांनी आजीच्या अस्थी लाहोरला, रणजितसिंगांच्या समाधीपाशी नेल्या.

वर्गात बाईंनी हा धडा कितीतरी वेळा शिकवला होता. पण लाहोर, लंडन आणि आपल्या घरामागची गोदावरी एका रेषेत येतात, हे त्यांना त्या पट्ट्यावर उभे असताना जाणवले.

१९३७ मध्ये हा हिरा ज्या मुकुटात बसवला, तो पुढे राजमाता एलिझाबेथ यांचा मुकुट म्हणून ओळखला गेला. मे २०२३ मधील राज्याभिषेकात राणी कॅमिला यांनी दुसरा मुकुट वापरला, कोहिनूर काचेआडच राहिला. त्याच महिन्यात दालनाची नवी मांडणी खुली झाली. तिच्यात हा हिरा विजयाची खूण असल्याचे सांगून तो कोणाकोणाच्या हाती होता तेही दाखवले आहे. भारताची तो परत करण्याची मागणी मात्र अजून मान्य झालेली नाही.

परतीची गाडी

दुपारी बाईंनी व्हाइट टॉवरमधली चिलखते पाहिली, थेम्सकाठच्या बाकावर बसून डब्यातले थालीपीठ खाल्ले आणि चारच्या सुमारास परतीची गाडी धरली. वाटेत साऊथ केन्सिंग्टन स्थानकाची पाटी दिसली. सकाळी त्याच पाटीला त्यांनी फक्त एक आकडा मानले होते.

संध्याकाळी मुलगा दारातच म्हणाला, “दिसला का कोहिनूर?”

“तीनदा,” बाई म्हणाल्या. मग चहा घेता घेता त्यांनी राणी जिंदनची हकिगत सांगितली. पंचवटीत लहानाचा मोठा झालेल्या मुलाला त्यातले काहीच ठाऊक नव्हते. तो बराच वेळ गप्प होता.

“दिवाळीला आलो की गोदाकाठी जाऊ आपण,” शेवटी तो म्हणाला.

“आधी ये तर खरा,” बाई म्हणाल्या आणि सुनेने लिहून दिलेला कागद त्यांनी नीट घडी करून पर्समध्ये ठेवला.