तिसावा

फेब्रुवारी 2024 मध्ये सप्पोरोच्या ओकुरायामा टेकडीवर नोरिआकी कासाई स्की-जंपिंगच्या विश्वचषकात पुन्हा उतरला, तेव्हा तो 51 वर्षांचा होता. 1992 च्या आल्बेरव्हिलपासून 2018 पर्यंत सलग आठ हिवाळी ऑलिंपिकं तो खेळला. सोचीत 41 व्या वर्षी रौप्यपदक मिळवलं. पुढे विश्वचषकाच्या संघातली जागा गेली, तरी तो उड्या मारत राहिला.

त्या स्पर्धेची चित्रफीत मी बडोद्याच्या घरी पाहिली. टेबलावर सात वर्षं न उघडलेली फाइल होती. एका गुजराती कादंबरीचं अर्धं भाषांतर. बाबांच्या आजारपणात ते थांबलं, नंतर मीच थांबले. आता एका संपादिकेनं नमुन्याची दहा पानं मागितली होती. ती तिशीचीही नसावी.

वर्तमानपत्रं अशा वेळी 'पुनरागमन' लिहितात. माझ्या कानात हा शब्द उत्तरपूजेचा. गणपतीला निरोप देतानाच आपण त्याला परत बोलावून ठेवतो. माणसांना असं कुणी बोलावत नाही. कासाईलाही त्याच्या निम्म्या वयाच्या मुलांबरोबर पात्रता फेरी पार करावी लागली.

मला भिडलं ते वेगळंच. कासाई हा खेळ शिकला तेव्हा हवेत दोन्ही स्की समांतर धरत. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला व्ही आकाराची शैली रुळली. तिच्यात अंगाखाली हवा जास्त अडते, उडी लांब जाते. म्हणजे अंगवळणी पडलेलं मोडून त्याला विशीतच नव्यानं शिकावं लागलं होतं.

माझी जुनी पानं वाचली. प्रत्येक वाक्य नीट, समांतर आणि लगेच खाली येणारं. गुजराती संवाद मी पुस्तकी मराठीत बसवले होते. आमच्या घरात बोलतात ती गुजरातीत भिजलेली बडोद्याची मराठी मी लाजून बाहेर ठेवली होती. दहाही पानं पहिल्यापासून केली.

सप्पोरोत कासाई तिसावा आला. विश्वचषकात पहिल्याला 100 गुण मिळतात, तिसाव्याला 1. एकतिसाव्याला काहीच नाही.

माझी पानं परत आली ती खुणांनी भरलेली. चौथ्या पानावर, सासूच्या एका संवादापाशी, संपादिकेनं लिहिलं होतं, "ही बाई ऐकू आली, मॅडम. पुढचं पाठवा."

अकरावं पान काढून बसले आहे.