सहाशे चाळीसची ओटी

‘कन्व्हेन्शनल मेमरी’ या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधू गेले असता ‘पारंपरिक स्मृती’ असा भारदस्त शब्द हाती येतो, आणि वाचकांची समजूत होते की आता जात्यावरच्या ओव्यांविषयी किंवा वारली लग्न लावणाऱ्या धवलेरीविषयी काही सांगितले जाणार. प्रत्यक्षात ती जुन्या संगणकातील ६४० किलोबाइटची एक अरुंद जागा आहे. आजच्या मोबाइलवर काढलेले एक साधे छायाचित्रही तिच्यात बहुधा मावणार नाही. मात्र या जागेशी आमची झटापट झाली ती एका मुलीच्या शिक्षणासाठी, म्हणून तिची हकीकत येथे देत आहोत.

ही मर्यादा आली कोठून? १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यात इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता. पत्ते दाखविणाऱ्या त्याच्या तारा २०. म्हणजे १०,४८,५७६ घरांपलीकडे त्याला मोजताच येत नसे. या एक मेगाबाइटपैकी वरचे ३८४ किलोबाइट पडदा, निरनिराळी कार्डे आणि यंत्राचा स्वतःचा मूळ कार्यक्रम यांच्यासाठी राखून ठेवण्यात आले; खालचे ६४० वापरणाऱ्याच्या वाट्याला आले. त्या काळी ते ऐसपैस वाटले असणार. पुढे २८६ आला, ३८६ आला, मेमरी चार-आठ मेगाबाइटवर गेली; परंतु डॉस ही कार्यप्रणाली आणि तिच्यासाठी लिहिलेले बहुतेक कार्यक्रम त्या पहिल्या मापातच वावरत राहिले. घर मागच्या बाजूने वाढत गेले, पण आलेल्या प्रत्येकाला ओटीवरच बसविण्याची रीत काही सुटली नाही.

या ओटीवर मराठीची फार अडचण होत असे. रोमन अक्षरांचे साचे यंत्राच्या पडद्याच्या कार्डातच कोरलेले असत. इंग्रजीला ६४० मधली तसूभर जागा द्यावी लागत नसे. देवनागरीला मात्र बाहेरून आणून बसवावे लागे. आम्ही १९९३ साली पुण्याला सेमिनरीत शिकत होतो. त्याच शहरात सी-डॅक ही संस्था, आयआयटी कानपूरमध्ये आरंभलेले ‘जिस्ट’चे काम पुढे नेत होती. जिस्ट कार्ड यंत्रात बसविले की अक्षरांचा सारा भार ते स्वतः उचली आणि डीबेससारखा मूळ इंग्रजी कार्यक्रमही मराठीत नोंदी दाखवू लागे. १९९१ साली ‘इस्की’ या संकेताला भारतीय मानकाचा दर्जाही मिळाला. परंतु ज्यांना कार्ड परवडत नसे ते स्वस्तातला उपाय करीत. अक्षरे दाखविणारा एक छोटा कार्यक्रम आधी चालवायचा. तो आपले काम उरकून निघून न जाता मेमरीतच ठाण मांडून बसे आणि मागाहून येणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमाला मराठी पुरवी. आपलीच भाषा, आणि तिच्यासाठी आपल्याच ओटीतली साठ किलोबाइट जागा मोजून द्यावी लागे.

जव्हारच्या आमच्या वसतिगृहात असाच एक ३८६ आहे. मेमरी चार मेगाबाइट, कार्यप्रणाली १९९१ ची डॉस ५. वसईच्या एका सद्गृहस्थांनी तो १९९४ साली दिला. आमच्या आधीच्या फादरांना नोंदी ठेवण्याचे विलक्षण वेड होते. प्रत्येक मुलाचे नाव, पाडा, जन्मतारीख, जमात, शाळा आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधील क्रमांक हे सर्व ते रात्री बसून त्यात भरीत. १९९१ पासूनच्या वह्याही त्यांनी मागाहून उतरवून घेतल्या. २००३ नंतर नवे यंत्र आले आणि हे जिन्याखाली गेले. ते भंगारात देण्याचा सल्ला आम्हांला पुष्कळांनी दिला आहे.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर खोडाळ्याकडील एका पाड्यावरून आमचा एक जुना विद्यार्थी आला. आता त्याचे केस पिकू लागले आहेत. त्याच्या मुलीला परिचारिकेच्या शिक्षणाला जायचे होते आणि त्यासाठी महादेव कोळी जमातीचे वैधता प्रमाणपत्र हवे होते. २००० च्या कायद्यानुसार जमात सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर असते, आणि जुन्या शालेय नोंदीला अशा वेळी मोठे वजन असते. त्याच्या शाळेची रजिस्टरे ओलीने एकमेकांना चिकटलेली. क्रमांक आणि वर्ष आणल्याशिवाय ती उलगडणार नाही, असे त्याला सांगण्यात आले होते.

“फादर, मोठ्या फादरांनी माझा नंबर लिहून घेतला होता. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो,” तो म्हणाला.

त्याची आई अद्याप हयात आहे. नवऱ्याकडच्या आणि माहेरच्या कुळांची नावे, कोणाची सोयरीक कोणत्या पाड्यावर झाली, कोणत्या दुष्काळात कोण कोठे गेले, हे सारे ती अडखळल्याविना सांगते. परंतु अर्जात ते कोणत्या रकान्यात लिहावे हे आम्हांलाही सुचेना.

यंत्र सुरू केले. त्याची बॅटरी केव्हाच संपलेली असल्याने त्याला स्वतःची हार्ड डिस्कही आठवेना. तिचे आकडे मोठ्या फादरांनी पेटीच्या आतल्या बाजूस कागदावर लिहून चिकटविले होते. ते हाताने भरावे लागले. त्यानंतर यंत्राने १ जानेवारी १९८० ही तारीख दाखविली आणि नोंदवहीचा कार्यक्रम मेमरी अपुरी असल्याचे सांगून थांबला. त्याच कागदावर तळाशी लिहिले होते: ‘५७० लागते’.

‘मेम’ ही आज्ञा दिली की ओटीवर कोण कोण बसले आहे त्याची यादी येते. मोकळी जागा ४४२ निघाली. पुढच्या काळात कोणी तरी यंत्राला सीडी-ड्राइव्ह व माउस जोडला होता. त्यांचे कार्यक्रम पाय पसरून बसलेले. पालघरला नोकरी करणाऱ्या एका तरुण अभियंत्याला फोन केला. नोंदी सरळ नव्या यंत्रावर उतरवून घ्याव्यात असे त्याचे म्हणणे. परंतु हा कार्यक्रम प्रिंटरच्या मार्गात बसविलेल्या एका कुलुपाखेरीज उघडत नाही, आणि ते कुलूप बसेल असे भोक नव्या यंत्रांना राहिलेले नाही. १९९३ च्या डॉस ६ मध्ये ‘मेममेकर’ नावाचा कार्यक्रम ही सारी मांडामांड आपोआप करी. आमच्याजवळ पाच, तेव्हा हातानेच करणे आले.

सीडी, माउस व आणखी एक किरकोळ कार्यक्रम यांच्या ओळींपुढे आर-ई-एम ही तीन अक्षरे घातली. यात एक सभ्यता आहे: ओळ पुसली जात नाही, तिला फक्त गप्प राहण्याची विनंती होते. मोकळी जागा ५१४ झाली. मग ‘हायमेम’ बसवून ‘डॉस = हाय’ लिहिले. त्यामुळे खुद्द डॉसचा मोठा भाग पहिल्या मेगाबाइटच्या लगेच पलीकडे असलेल्या चौसष्ट किलोबाइटच्या पडवीत गेला, ५५८. बारा कमी. राहता राहिली मराठी. तिला काढता येईना, कारण तिच्यावाचून नावे वाचता आली नसती. तिला माळ्यावर, म्हणजे त्या राखीव ३८४ मधील न वापरलेल्या फटीत चढवायचे ठरले. ३८६ यंत्रात ‘ईएमएम ३८६’ हा कार्यक्रम तशी सोय करून देतो. प्रत्येक बदलानंतर यंत्र पुन्हा सुरू करावे लागते, आणि जव्हारची वीज त्या दुपारी दोनदा गेली. दोन्ही वेळा हार्ड डिस्कचे आकडे पहिल्यापासून भरले. माळ्यावरची एक जागा आधीच एका कार्डाने व्यापलेली निघाली. मराठी तिच्यावर जाऊन बसताच पडदा गोठला. तेवढी जागा वगळण्याची सूचना लिहिली, यंत्र पुन्हा चालू केले. ६१५.

नोंदवही उघडली. तो आमच्या खांद्यामागे उभा होता. आडनाव टाइप केल्यावर सात मुले आली, चौथा तो. पाडा, जन्मतारीख, जमात, शाळा, प्रवेशाचे वर्ष आणि चार आकडी जनरल रजिस्टर क्रमांक. त्याने तो दोनदा मोठ्याने वाचला आणि तळहातावरही लिहून घेतला, प्रिंटरचा कागद निघत असतानाच. तिसऱ्या दिवशी शाळेतून उतारा मिळाल्याचा त्याचा फोन आला. मुलीचा अर्ज त्या उताऱ्यासह दाखल झाला आहे.

ही वार्ता पाड्यापाड्यांवर पोहोचल्याने आता सूर्यमाळहून, विक्रमगडहूनही माणसे येतात. यंत्र किती दिवस टिकेल ते पाहता सगळ्याच नोंदी कागदावर उतरवून घेण्याचे आम्ही योजले आहे. प्रिंटरची जुनी फीत फार फिकी उमटते, म्हणून एका बैठकीत तीसच नावे घेतो आणि लगोलग शाईने गिरवून ठेवतो. १९९७ पर्यंतची झाली आहेत.