मेंढ्याचा बांबू

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघालात की वाटेत मेंढा लागतं. लेखा गावाच्या शेजारचं, म्हणून मेंढा-लेखा. गोंड आदिवासींची शंभरेक घरं आणि भोवती बांबूचं रान. सूप, टोपली, कुंपण, सगळं बांबूचं. पण वर्षानुवर्षं तो बांबू जाई कागद कारखान्याला आणि गावाला मात्र आपल्याच रानात परवानगी मागावी लागे! त्यातच १९८०च्या दशकात मोठ्या धरणांचे बेत आले. जंगल बुडणार म्हणून आदिवासी एकवटले, बेत बारगळले.

इथल्या ग्रामसभेत बहुमत चालत नाही बरं का! एकाचंही मन वळलं नसेल तर पुन्हा बोलायचं. वर्गात मॉनिटर असा निवडून बघा, घामच फुटेल!

२००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा हक्क मान्य झाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना हवा आणि तो वनखातं देईना. हक्क कागदावर, बांबू रानात! अखेर एप्रिल २०११मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. मग किती बांबू तोडायचा, किती राखायचा, कुणाला विकायचा, हे सभेत ठरू लागलं.